सुनेच्या माहेरी आलेली सासू

कर्जत-खालापुरात शांततेसाठी एवढं भांडणारी दुसरी बाई तुम्हाला सापडणार नाही. माझ्या विहीणबाई पोशीरच्या. आवाज असा, की शेताच्या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या आळीतली माणसं काय झालं म्हणून बाहेर येतात. पण माझी लेक दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि या बाई घरात हळू बोलायला लागल्या. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं हो. तेव्हापासून पोरगी धास्तावलेली, जरा कळ आली की हातपाय गार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या चांगल्या आहेत, आता हिचं मन सांभाळा. विहीणबाईंनी ते गोळ्या-औषधासारखं घेतलं, वेळच्या वेळी.

झालं, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसल्या. आपल्या बायकांना पोटुशी दिसली की कुणाचं काय वाईट झालं ते नेमकं तिच्यासमोरच आठवतं. विहीणबाई प्रत्येकीला अडवायच्या. "काय वंगाळ सांगायचं हाय ते हितं मला सांग. मोकळी हो, मंग आत जा नि चा पी." त्यांची एक चुलतजाऊ अर्धा तास सांगत होती. यांनी सगळं ऐकून वर विचारलं, "अजून हाय का गं?" आत जाईस्तोवर बिचारीकडे काही उरलंच नाही, मुकाट्यानं पोहे खाऊन गेली. बरं, सुनेला मात्र त्या कधी "घाबरू नको" म्हणाल्या नाहीत. "कशाचं भ्या वाटतंय ते सांग" म्हणायच्या आणि मुलाकडून कॅलेंडरच्या मागे लिहून घ्यायच्या. तपासणीच्या दिवशी ते पान घेऊन दवाखान्यात हजर, एकेक विचारून घेतल्याशिवाय खुर्ची सोडायच्या नाहीत.

सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायला मी गेले, तर मलाच अडवलं! "इहीणबाय, त्वांड बगा तुमचं. ही काळजी घिऊन आत नाय जायचं." असा राग आला मला. मी आई तिची! पण त्यांनी हात धरून बसवलं, "बोला" म्हणाल्या, आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. पुन्हा तसंच झालं तर, पुन्हा तसंच झालं तर, एवढंच म्हणत राहिले. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, मग आत सोडलं. लेक खो खो हसत होती. "आई, तुलापण?" किती महिन्यांनी हसताना बघत होते तिला.

जेवताना ती हळूच म्हणाली, "येईन गं मी, पण या जवळ नसतील तर मला पुन्हा भीती वाटेल." मला लागलं ते, खोटं कशाला बोलू? पण पहिलं बाळंतपण माहेरीच, ही दोन्ही घरची रीत. विहीणबाईंनी ताटावरून मान वर केली. "रीत नाय मोडायची. मी बी येते."

"अहो, सासू सुनेच्या माहेरी? लोक हसतील."

"हसू द्या. हसन्यानं पोरीला काय व्हत नाय."

आणि आल्या की टेंपोत बसून आमच्या गावी, चौकला! हमरस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांना दुसऱ्याच दिवशी दम भरला, दुपारी हॉर्न वाजवून बघायचे नाहीत. वाजले नाहीत. शेजारणीने मला टोमणा मारला, "काय गं, लेकीबरोबर तिच्या सासूचंही बाळंतपण का?" मी म्हटलं, हो, आणि अशी सासू तुझ्या लेकीला मिळो.

नात झाली. दोघी सुखरूप. नर्सबाईंनी बाळ बाहेर आणलं तेव्हा आम्ही दोघी बाकावर होतो. मी हात पुढे केले, तेवढ्यात विहीणबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "माझी दोन गेली हो, पोराच्या आधी. तवा समदी म्हनली, हिनंच कायतरी जड उचललं आसंल. घरात कोन बोललं नाय माज्याशी." सुनेलाही ठाऊक नव्हतं हे. मी नात उचलून आधी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दुपटं अलगद बाजूला केलं आणि इवल्या हाताची बोटं मोजायला घेतली. दर वेळी मध्येच डोळे भरून यायचे आणि बाई पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या.