नंबर नसलेली मूठ

गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे नंबरी म्हणायचे. या शब्दाचे अर्थ दोन, अव्वल आणि बिलंदर, आणि लोक सोयीप्रमाणे दोन्ही अर्थांनी म्हणत. पण मूळ कारण त्याची सवय. बोल्ट असो, बेअरिंग असो, नाहीतर बायकोनं हौसेनं आणलेला नवा कुकर असो, वस्तू हातात आली की हा आधी ती उलटी करणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि तिच्यावर ठोकलेला नंबर शोधणार. सापडला तर मान डोलावणार. नाही सापडला तर वस्तू अशी खाली ठेवणार, की आणणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

"लग्नात माझ्या पाठीवर नंबर शोधला नाही, एवढंच नशीब," बायको म्हणायची.

सारा जन्म त्यानं बसगाड्यांच्या दुरुस्तीत घालवला. आधी लेथवर शिकाऊ, मग फिटर. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच गाडी उरली होती, आणि ती बस नव्हती. चाकांऐवजी दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांचे पट्टे, वर छप्पर नाही, बसायला दोन कडक बैठका, सुकाणूच्या जागी उजव्या-डाव्या हाताला एकेक दांडा. डावा ओढला की गाडी डावीकडे वळते, उजवा ओढला की उजवीकडे. शेजारचा शिंपी तिला रणगाडा म्हणायचा.

"रणगाडा नाही रे, कॅरिअर. माणसं आणि सामान न्यायची. तोफ दिसतेय का कुठं?"

"नाही तेच बरंय," शिंपी म्हणायचा. "नाहीतर पॅन्टला दोन दिवस उशीर झाला की तू तिचं तोंड माझ्या दुकानाकडे वळवलं असतंस."

ही गाडी त्याला आठ वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या आवारात दिसली. गेला होता पंपाचं झाकण शोधायला. गंजलेल्या धडावर सवयीनं नखानं खरवडलं, नंबर वाचला, आणि पंपाचं झाकण तिथंच विसरून तडक घरी आला. भिंतीवरचा फोटो खाली काढला. फोटोत त्याचा थोरला भाऊ, दादा, याच गाडीत बसलेला होता. गाडीच्या काठावर छातीपासून वरचा दिसणारा, हसणारा, पोरसवदा. पुढच्या पत्र्यावर तोच नंबर.

दादा तेव्हा दूर, लेकीकडे राहायचा. फौजेत असताना सहा वर्षं त्यानं ही गाडी बर्फात आणि चिखलात हाकली होती. तिच्याबद्दल बोलायला लागला की जेवणं थंड व्हायची.

"फोन करा की भाऊजींना," बायको म्हणाली. "केवढे हरखतील!"

"आत्ता नाही. चालू झाली की एकदमच बोलावीन. सगळी अस्सल करून."

अस्सल म्हणजे नंबर असलेली. त्याचा नियम साधा होता: त्या काळचा, त्या कारखान्याचा, नंबर ठोकलेला भाग असेल तरच गाडीत जाईल. पट्ट्याच्या दोन कड्या जोडायला मध्ये एक पिन लागते. अशा दोनशेच्या वर पिना. ओळखीचा एक टर्नर म्हणाला, महिन्याभरात सगळ्या करून देतो, मूळच्यापेक्षा मजबूत. याला ते पटेना. तीन वर्षं तो मूळ पिना गोळा करत बसला. ज्या देशांची नावं बायकोनं फक्त शाळेच्या नकाशात वाचली होती, तिथल्या म्हाताऱ्यांशी याची पत्रं सुरू झाली. तिनं एकदा पिठाचा डबा उघडला, तर वर कागदात गुंडाळलेल्या पिना. "कोरडी जागा होती," एवढंच स्पष्टीकरण.

बैठका आणि दांडे सोडवायला घेतले, तेव्हाची एक गोष्ट. डाव्या दांड्याच्या टोकाला लोखंडी बोंड असायला हवं होतं. त्याऐवजी तिथं लाकडाची मूठ बसवलेली होती, तेलानं काळी पडलेली. बायको चहा घेऊन आली होती. तिनं ती सहज उचलून पाहिली.

"बघा ना, बोटांसाठी खाचा केल्यात. हाताला किती छान लागते. कुणीतरी जीव लावून केलीय हो."

"नंबर आहे का?"

"लाकडाला कुठला आलाय नंबर?"

"मग कुणा जवानाची रिकामपणची करामत. दे इकडे."

हिवाळा होता, शेडमधली शेगडी पेटलेली होती. त्यानं ती आत टाकली. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड, धडधडून पेटलं. पुढं लोखंडी बोंड मिळायला दोन वर्षं लागली. आलं तेव्हा त्यानं ते गल्लीभर दाखवलं. खाली बारीक अक्षरांत नंबर होता.

तोवर दादाचा फोनवरचा आवाज बदलत चालला होता. एकच गोष्ट चारदा विचारायचा. मग लेकीला आई म्हणू लागला. शेवटी लेक रडतच त्याला इकडे घेऊन आली. "काका, मला एकटीला नाही जमत आता." तीन वर्षं झाली त्याला. धाकट्या भावाला पाहून दादा खुर्चीतून उठला आणि टाचा जुळवून म्हणाला, "नमस्कार, साहेब."

तेव्हापासून तो रोज साहेब. दादानं जन्मभर त्याला एकाच नावानं हाक मारली होती: धाकट्या. रागावला तरी धाकट्या, लाडात आला तरी धाकट्या. आता सकाळी दार उघडलं की, "चहा मिळेल का, साहेब?"

"नेऊन बसवा ना त्यांना गाडीत," बायको म्हणाली.

"पट्टे नाहीत अजून. इंजिन मुकं. उघड्या सांगाड्यात बसवून काय ओळखणार तो? पूर्ण होऊ दे. आवाज ऐकला ना, की ओळखेल. आधी गाडीला ओळखेल, मग मला."

आपण काहीही म्हटलं तरी हा नंबर विचारणार, हे तिला ठाऊक होतं.

गाडी पूर्ण झाली तेव्हा उन्हं कोवळी होती. शेडचे दोन्ही दरवाजे उघडले. शिंपी मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून आला. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं, आणि मग असं सुरू झालं की पत्रे थरथरायला लागले. बायकोनं दादाला हाताला धरून आणलं, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली.

दादा थबकला. मान वाकडी करून ऐकू लागला. मग त्यानं तिचा हात सोडला, पायरीचं स्टूल बाजूला सारलं, काठावर तळवा टेकला आणि आत पाय टाकला. घरात संडासाची वाट चुकणारा माणूस बैठकीत असा जाऊन बसला, जणू काल संध्याकाळीच उतरला होता. पाय न पाहता पेडलवर गेले.

शिंपी पुटपुटला, "अरे, जमलं की तुझं!"

दादाचा उजवा हात दांड्यावर जाऊन बसला. डावा गेला, आणि लगेच मागं आला. पुन्हा गेला. बोटं त्या लोखंडी बोंडावरून फिरली, वरून, खालून, काहीतरी शोधत. मग दोन्ही हात मांडीवर आले.

"साहेब, ही माझी गाडी नाही."

"तुझीच आहे, दादा! नंबर बघ, पुढं ठोकलाय."

"नंबर काय, कुणीही ठोकेल." कित्येक महिन्यांत तो एवढं सरळ बोलला नव्हता. "माझ्या गाडीला डावीकडे लाकडी मूठ आहे. थंडीत लोखंडाला हात चिकटायचा हो, सालटं निघायची. कागदावर पंजा ठेवला, भोवती रेघ मारली आणि धाकट्याला धाडला. शिकाऊ आहे तो, लेथवर नुकताच लागलाय. पण मूठ अशी पाठवलीन, प्रत्येक बोटाला त्याची खाच! तुम्ही बघायलाच हवी."

इंजिन धडधडत होतं. नंबरीला तो कागद आठवला: शाईची वेडीवाकडी रेघ, करंगळीपाशी डाग. उस्तादाचा डोळा चुकवून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यावर दोन दुपारी केलेलं काम. पार्सल केलं आणि विसरला. लागली की नाही, हे कधी विचारलंही नव्हतं.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ती शेगडी होती. त्यानं इंजिन बंद केलं.

"मूठ तुम्ही काढलीत का, साहेब?" दादानं अगदी आदबीनं विचारलं.

"दादा, मीच धाकट्या."

दादा संकोचून हसला, वरिष्ठानं थट्टा केल्यावर हसावं तसा. "तो एवढासा आहे हो अजून," म्हणाला आणि उतरायला हात पुढं केला. उतरताना मात्र त्याला पायरीचं स्टूल घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नंबरीनं कागद आणला, दादाचा डावा पंजा त्यावर ठेवला आणि रेघ मारली. पंजा आकसला होता, बोटं सांध्यांत वाकली होती. आठवडाभर खपून त्यानं मूठ केली, तेल पाजलं, खाचा पुन्हा पुन्हा घासल्या. दादाच्या हातात दिली. दादानं ती उलटी केली, उजेडाकडे धरली, निरखून पाहिली. मग अशी खाली ठेवली, की आणणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

"ही नाही, साहेब. ही नकली आहे."

शेडला आता कुलूप असतं. शिंपीही रणगाड्याचं नाव काढत नाही. दादा सकाळी उठतो, टाचा जुळवतो, पण चहा मागायचं विसरला आहे.

"मूठ आली का, साहेब?"

"अजून नाही. लिहिलंय धाकट्याला."

"असू दे. मी थांबतो," दादा म्हणतो आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहतो.