दहीभात शिंपून येईस्तोवर

हे मी कोणाजवळच बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही — तो गेला बिचारा न ऐकताच. लेकीजवळ नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिली कितीदा, आणि दरवेळेस पाण्यापावसाचं काहीबाही मागून परत आली. तुम्ही ओळखीचे नाही, तुमच्यापाशी सोपं जाईन असं वाटलं होतं. जात नाही. कुठून धरू? टोक सापडत नाही याचं, गुंता सापडते फक्त.

आधी लहान खोटं सांगते. ते सांगून झालं की मोठ्याले वाट होईन.

आमचं गाव मारेगावच्या अल्याड. पऱ्हाटीचा मुलूख — कपाशीले आम्ही पऱ्हाटी म्हणतो. ती वर्षं मोठी वाईट होती. बोंडात अळी, आणि माणसांच्या आत काय शिरलं होतं ते कोणाले समजत नव्हतं. कोणाचं डोकं दुखे, कोणाच्या पोटात गोळा उठे, कोणी जेवता जेवता उठून बाहेर जाऊन उभं राही. बाया म्हणत, नजर लागली गावाले. मग मारेगावले एक शिबिर झालं, बायांसाठी. आमच्या गावातून मले धाडलं. काहून मले? तर मी बोलते फार, आणि वाचते. शाळा चौथीपर्यंतच, पण पुढचं मी पुड्यांच्या कागदांवर शिकली — शेंगदाणे खाऊन झाले की कागद वाचाचा. तेवढ्यावर गाव मले हुशार समजे.

तिथं एक डॉक्टर मॅडम आलती. ती म्हणाली, ताण मनात राहत नाही, तो अंगात घर करते. जबडा आवळला जाते, खांदे वर चढतात, पोट आखडते, श्वास गळ्यातूनच माघारी फिरते. माणूस चिडते, विसरते, झोप उडते. मी मागं बसून ऐकून राह्यली होती, आणि माझी जीभ टाळूले घट्ट चिकटलेली होती. तिनं सांगेपर्यंत मले ते माहीतच नव्हतं. मग तिनं शिकवलं — मूठ आवळा, सोडा. खांदे उचला, सोडा. उताणं पडा, डोळे मिटा, श्वास घेता त्याच्यापेक्षा हळू सोडा. आजूबाजूच्या बाया खरंच सैल पडल्या. एकजण तर घोरली. मी? मी डोळे मिटून पडली आणि पापणीच्या आत सगळं लख्ख उघडं होतं. काहीच सैल झालं नाही.

पण गावात येऊन मी काय सांगितलं? "अवं, कापसावानी हलकं वाटते!" — असं सांगितलं. हे लहान खोटं.

दुपारी समाजमंदिरात पोती अंथरून आम्ही सुरू केलं. कौसाबाई म्हणून एक जुनी बाई होती, जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी म्हणे, "आडवं पडाले शिकवाले मारेगावले जा लागते काय वं? माझा बुढा तं जन्मल्यापासून शिकलेला हाये!" हसून हसून बाया लोळल्या. मले तर वाटते, त्या हसण्यानंच अर्धं काम होऊन जाये. बाकीचं श्वासानं होत असन. खरंच होत होतं बरं — कौसाबाईच्या मानेची शीर सुटली, एकीले रात्रीची झोप यायले लागली. शिकवणारी सोडून सगळ्यायले गुण आला. असं कसं होते? मले अजून उमजलं नाही.

आणि वच्छलेलेही आला नाही.

वच्छला माझी शेजारीण. माझ्याहून लहान, नवऱ्यानं टाकलेली, भावाजवळ राहे. मले "बाई" म्हणते — आमच्याकडं मोठ्या बहिणीले बाई म्हणतात. तिचा भाऊ पुंडलिक तिच्याहून लहान, दुसऱ्यांच्या वावरात फवारणीले जाये. शिबिराच्या आधीच्या साली तो गेला. फवारा बाधला आणि गेला. त्यानंतर वच्छलेची झोप गेली, खाणं गेलं, हातातलं भांडं हातातून सुटे. म्हणून मीच तिले ओढून समाजमंदिरात आणलं. तुले बरं वाटन, म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं — की नव्हतं? पाहा, इथंच माझा घोळ होते.

ती पडली. मी नेहमीसारखं म्हणाली, "डोळे मिटा. पडून राहा. उठाची घाई करू नका. बरं वाटन." आणि वच्छला थरथरायले लागली. आधी बोटं, मग हात, मग सगळं अंग. एकदम उठून बसली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाई, मीच त्याले झोपवलं वं. मीच म्हटलं त्याले, पडून राहाय म्हणून."

सगळ्या बाया उठून बसल्या. माझ्याकडं पाहून राह्यल्या, आता बाई काय करते म्हणून.

मले माहीत होतं काय कराचं. डॉक्टर मॅडमनं स्पष्ट सांगितलं होतं — एखादीले पडल्यावर रडू येईन, भीती वाटन. तिले दाबू नका. डोळे उघडू द्या, बसवा, पाय जमिनीले टेकवा, हात धरा, बोलते ते ऐका. आणि मग दवाखान्यात पाठवा, हे आपल्या एकटीचं काम नाही. शब्दानं शब्द पाठ होतं मले. मग मी काय केलं?

मी म्हणाली, "वच्छले, तुझं मन थाऱ्यावर नाही. दुसऱ्यायचंही बिघडते. तू उद्यापासून येऊ नको."

तिनं पोतं उचललं. झटकलं. नीट घडी केली — मले ती घडी अजून दिसते — आणि गेली. कौसाबाई तेवढी म्हणाली, "काहून वं असं बोलली तिले?" मी म्हटलं, शिस्त लागते.

शिस्त! तुम्हाले वाटत असन, हाच तो गुन्हा. दुखावलेल्या बाईले चारचौघींत हाकललं. एवढाच असता तर मी कधीच तिचे पाय धरले असते, आम्ही दोघी रडलो असतो, संपलं असतं. मी तिले हाकललं ते शिस्तीसाठी नाही. ती आणखी बोलली असती तर तिले पुढचं आठवलं असतं — म्हणून हाकललं.

आता ते सांगते.

आमच्याकडं पहिली वेचणी लागाच्या आधी वावरात सीतादही करतात. गोटे मांडाचे, कुंकू लावाचं, दहीभाताचा निवद दाखवाचा आणि मग तो दहीभात ओळीओळीत शिंपाचा. कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा म्हणून. त्याच्याशिवाय बोंडाले हात लावत नाहीत. पुंडलिक गेला त्या साली माझ्या वावराची सीतादही होती, आणि गाणं म्हणायले वच्छला पाहिजे होती. गावात तिच्यासारखा गळा कोणाचाच नव्हता. मी दहीभाताचं टोपलं डोक्यावर घेऊन तिले बोलवाले गेली.

पुंडलिक तेवढ्यातच फवारून आलता. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा वर माराचा तर तोंडावरच पडे. ओसरीत भिंतीले टेकून बसला होता, घामानं भिजलेला, तोंडातून लाळ गळून राह्यली होती. वच्छलेले म्हणे, "मले अंधुक दिसून राह्यलं, बाई." फवारणीवाल्याले भोवळ येणं म्हणजे आमच्याकडं काही नवल नव्हतं. निंबूपाणी द्याचं, सावलीत टाकाचं, उन्हं कलली की उठून बसे. सगळे असंच करत. हा बचाव नाही, तुम्हाले समजावं म्हणून सांगितलं.

पण वच्छला घाबरली होती. तिनं पदर खोचला आणि मले विचारलं — हे शब्द माझ्या कानातून गेले नाहीत — "बाई, ऑटो बोलवू काय? दवाखान्यात नेऊ काय याले?"

आणि माझ्या डोक्यावर दहीभात होता. उन्ह चढून राह्यलं होतं. बाया वावरात जाऊन थांबल्या होत्या. मी म्हणाली, "झोपू दे त्याले. थकला हाये. पडला की बरं वाटन. आपण दहीभात शिंपून येईस्तोवर उठून बसन तो."

मग मीच त्याच्याकडं वळली. "पड रे पुंडलिक. डोळे मिट." तो पडला. शहाण्यावानी डोळे मिटले त्यानं. वच्छला माझ्यामागं निघाली.

वावरात तिनं गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं. दोनदा मागं वळून गावाकडं पाहिलं, तेव्हा मी तिले म्हणाली, "लक्ष इकडं ठेव."

आम्ही परत आलो तेव्हा तो उठत नव्हता. मग ऑटो, मग मारेगाव, मग तिथून यवतमाळ. मग काहीच नाही.

आणि तेराव्याच्या आधीच वच्छला म्हणायले लागली, "मीच त्याले झोपवलं." येईल त्याले हेच सांगे. मी बाजूले बसलेली असे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आता म्हणावं, नाही वं, ते मी बोलली. तोंड उघडलं. कोणीतरी पाण्याचा तांब्या मागितला, मी उठून तांब्या आणाले गेली. परत आली तोवर ते वाक्य तिचं झालं होतं. तांब्याएवढा वेळ लागला फक्त.

तिले खरंच असं आठवते काय? की दुःखात माणूस बाजूचे शब्दही आपलेच धरून ठेवते? की तिले सगळं बरोबर आठवते आणि तिनं मले झाकलं? हे विचार करकरून माझंच डोकं असं झालं की कधी कधी मलेच वाटते, तीच म्हणाली असन. मी फक्त टोपलं घेऊन उभी असन. मग जरा गार वाटते. आणि मग दहीभाताचा वास येते, आणि माझा आवाज ऐकू येते. माझाच.

माझी जीभ टाळूले का चिकटलेली होती, ते मले त्या शिबिरात समजाले पाहिजे होतं. समजलंही असन. पण गावात आली आणि दुसऱ्यायले श्वास सोडाले शिकवत बसली. जे धरून ठेवाचं असते त्याच्यासंगं माणूस श्वासही धरते, त्याले कोणता व्यायाम काय करन?

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. कौसाबाई गेली, समाजमंदिरात पोती नाहीत. वच्छला दुपारची माझ्या ओट्यावर येते, आम्ही कापसातली सरकी हातानं काढतो, वाती वळतो. तिचे हात चालत असले की तिचा श्वास लांब होते, मी ऐकते. कधी बारीकसं गुणगुणतेही. पण आडवी होत नाही, दिवसा तर नाहीच. रात्रीही भिंतीले टेकून बसल्याबसल्या डोळा लावते. म्हणते, "माझ्यानं ते जमत नाही बाई. तूच म्हणाली होती ना, माझं मन थाऱ्यावर नाही." राग नसते त्याच्यात. पाऊस आला नाही म्हणावं, तसं म्हणते.

मागच्या महिन्यात माझं डोकं फार धरलं. रक्तदाब वाढला होता. डॉक्टर म्हणे, टेन्शन घेऊ नका आजी, आराम करा. वच्छला संध्याकाळपर्यंत बसून राहिली. हाताले तेल लावून माझं कपाळ चोळून राह्यली होती. आणि म्हणाली —

"पड जराशी, बाई. डोळे मिट. बरं वाटन."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. माया होती, दुसरं काहीच नव्हतं. की होतं?

मी पडली. डोळे मिटले. सांगता आलं असतं, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, कोणी पाणीही मागत नव्हतं. मी श्वास हळू सोडला, खांदे सोडले, जसं शिकवत होती तसं सगळं केलं, झोप लागल्यासारखं केलं. जबडा तेवढा सुटला नाही. तिची बोटं तिथं येऊन थांबली, कानाच्या खाली, जिथं हाड आवळलेलं असते. बराच वेळ थांबली.

वच्छलेले वाचता येत नाही. हे मले माहीत आहे, आणि म्हणूनच मी हे लिहून राह्यली — तेही सांगून ठेवते.

"झोपू दे त्याले" हे मी म्हटलं होतं. तिनं ऑटो बोलवू काय म्हणून विचारलं होतं.