वामेचे वकील

निजामाच्या साऱ्या मुलखात, जन्मात मासा न चाखता माशासाठी एवढा भांडलेला माणूस दुसरा झाला नसेल. हे आमच्या मावशीचे यजमान, बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, भूगोल शिकवणारे. मदरसा सुटला की शेरवानी सावरत बिंदुसरेच्या पाण्यात उतरायचे आणि भोयांच्या टोपलीतली सापासारखी लांब वाम मासळी शेपटीपासून तोंडापर्यंत निरखून परत ठेवायचे. "साहेब, घ्यायची न्हाई तर काहून चिवडता?" असं एक भोई रोज विचारी. आंघोळीशिवाय मावशी घरात घेत नसे, त्यामुळे काकांच्या दिवसाला दोन आंघोळी ठरलेल्या.

हे वेड एका इंग्रजी पुस्तकानं लावलं. औरंगाबादच्या जुन्या बाजारातून आणलेल्या त्या पुस्तकात आफ्रिकेतल्या नद्यांमधल्या माशांची चित्रं होती आणि त्यांत चक्क आपली वाम! तेव्हापासून काका भेटेल त्याला अडवत. "ही गोड्या पाण्याची. समुद्रात मरंल. मग तिकडं गेली कशी? अरे, जमीनच एक होती!" लोक मान डोलावून काढता पाय घेत. मला मात्र त्यांची माया येई, कारण रेल्वेच्या कामाला आफ्रिकेत गेलेला त्यांचा धाकटा भाऊ कित्येक वर्षांत परतला नव्हता.

तो आला माझ्या लग्नाला. खुशाली विचारायच्या आधी काकांनी विचारलं, "तिकडं वाम हाय का?"

"हाय की. तळली म्हंजे लई..." एवढ्यात त्याला मावशी दिसली आणि तो घाईघाईनं तिच्या पाया पडला.

पंगतीत शास्त्रीबुवांनी त्याला अडवलं. समुद्र ओलांडलेल्याला प्रायश्चित्ताशिवाय पान नाही. काका भरल्या पानावरून उठले आणि त्यांनी वामेची सगळी हकिकत सांगितली. "जमीन एकच, तर हा परमुलखात गेलाच कुठं?"

शास्त्रीबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या वामेला खुशाल पान वाढा. तिनं समुद्र ओलांडला न्हाई. ह्यानं ओलांडलाय."

पंगत खो खो हसली. काकांनी आपली पत्रावळ उचलली, बाहेर लिंबाखाली बसलेल्या भावाला "सरक जरा" म्हणाले आणि दोघं एकाच पानावर जेवले. मी नवरदेव, जागचा हलू शकलो नाही, पण तसं जेवण माझ्या लग्नात दुसरं कुणाचं झालं नाही.

भाऊ परत गेला, तो पुन्हा आला नाही. काका म्हातारपणीही नदीवर जात. एकदा मी सोबत होतो. भोयाकडून घेतलेली वाम त्यांनी पाण्यात सोडली, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "समुद्र मागनं आला रे. आधी ही सगळी एकाच घरची."