गावच्या यादीतून गेलेलं नाव

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सबब तयार होती: पक्षाची बदनामी होईल. आमचा पक्ष इथं इतका लहान, की त्याची बदनामी करायलाही कुणाला सवड नव्हती.

सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर मी शहरातल्या आमच्या एचएसआर लेआउट वसाहतीतल्या कॉम्रेड मंडळींत बसू लागलो. सगळे पेन्शनवाले, सगळे पुरुष, सगळे वरच्या जातीचे. कष्टकरी स्त्रीवर तासभर बोलायचं आणि मग आत बायकोला चहा टाकायला सांगायचं. आम्हाला माहीत असलेली कष्टकरी स्त्री एकच, माझ्याकडे भांडी घासणारी. दूर भालकीकडच्या खेड्यातली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. आमच्या क्रांतिकारी घरात तिचा कप वेगळा होता.

विधानसभेची निवडणूक आली. आमच्या उमेदवाराला मतं हवी होती. मी तिला म्हणालो, "राहतेस इथं, तर मत इथंच दे. तुझं नाव इकडच्या मतदार यादीत आणतो."

"स्वल्प थांबा अण्णा. भावाला इचारते. गावात घर हाय आमचं."

"भावाला काय विचारायचं? बाईनं आपलं आपण ठरवावं."

"मग गावचं नाव जाईल का?"

"ते कुठं जातंय," मी म्हणालो. जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईनं स्वतः ठरवावं असं बजावून ठरवलं मीच, अर्जही मीच भरला, आणि वर पुरोगामी म्हणून मिरवलो.

उमेदवाराची अनामत जप्त झाली. पुढे तिच्या गावात पंचायतीची एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली. वस्तीनं तिला उभं करायचं ठरवलं. नवी साडी घेऊन, रजा मागून ती गेली आणि आठवड्याच्या आतच परत भांड्यांशी येऊन बसली.

"यादीत नावच न्हाई म्हणाले. नाव न्हाई तर उभं ऱ्हाता येत न्हाई. पाटलाच्या गड्याची बायको बिनविरोध आली." नळ बंद करून तिनं विचारलं, "पाटलानंच काढलं असंल न्हवं, अण्णा?"

"दुसरं कोण काढणार?"

वर्गशत्रू आयता मिळाला होता. पाटलाविरुद्धची तक्रारही मीच लिहून दिली, चांगली कडक. मंडळींना वाचून दाखवली. त्यांनी माना डोलावल्या. तक्रारीचं काही झालं नाही. पाटलानं तिच्या भावाला कामावर घेणं तेवढं बंद केलं.

पुढे ती मारतहळ्ळीला राहायला गेली. मी एकदा हिय्या करून तिच्या खोलीवर गेलो. "ती जागा आता राखीव न्हाई, खुली झालीया अण्णा," ती म्हणाली. "आता तिथं आमाला कोण उभं करतंय?" मी रिंग रोडच्या वाहतुकीबद्दल बोललो आणि उठलो.

वाटेत घोकून गेलो होतो ते इतकंच: तुझं नाव पाटलानं काढलं नाही, मी काढलं. तुला खोटं सांगून काढलं. मला माफ कर.