शाळेपासून एकसष्ट मीटर

आधी माफी मागतो. मी लेखक नाही, वकीलही नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर मंडईजवळच्या एका लायसन्स कन्सल्टंटकडे काम करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला वाचून दाखवावं हेही मला ठाऊक नाही. पण एका माणसाचं काम माझ्या एका वाक्यामुळे बिघडलं होतं. ते मीच सांगायला हवं, असं वाटलं.

ते वाक्य मी येरवड्यात, एका शाळेच्या भिंतीपाशी, हातात टेपचं टोक धरून बोललो.

"हो साहेब, मुलं इथूनच ये-जा करतात."

समोर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. शेजारी आमचे कन्सल्टंट बापट सर उभे होते. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. तिसरे होते वानखेडे काका, ज्यांचा अर्ज होता. त्यांना काय झालं ते कळलंच नाही. ते साहेबांसाठी चहा सांगायला गेले.

वानखेडे काका मूळचे अकोल्याकडचे. त्या गल्लीत वीस-बावीस वर्षं त्यांचं किराणा दुकान आहे. पण मेन रोडवर मोठं मार्ट झालं, आणि ज्यांना मार्टपर्यंत चालवत नाही त्यांना मोबाइलवरून घरपोच मिळू लागलं. काकांकडे उरलं ते माचिस, पाव आणि रिचार्ज. मुलगी नर्सिंगला. म्हणून त्यांना दुकानाची बिअर शॉपी करायची होती. बिअर शॉपीत बंद बाटली विकता येते, तिथे बसून पिऊ देता येत नाही.

"मी सोता सुपारी खात नाही," ते पहिल्या भेटीतच म्हणाले होते. "पन दुकान बसलं त आम्ही तिघं बसलो. सांगा बरं, काय करू?"

या लायसन्ससाठी पुष्कळ कागद लागतात, पण खरा प्रश्न असतो अंतराचा. शाळेपासून पंचाहत्तर मीटरच्या आत दुकान चालत नाही. हे अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यावरून निघायचं, पायी माणूस ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने जायचं, आणि शाळेला कंपाउंड असेल तर जवळच्या गेटच्या मध्यावर थांबायचं. मी तीनदा मोजलं होतं. तिन्ही वेळा एकशे अठरा मीटर भरलं. नकाशाही मीच काढला.

शाळेच्या बाजूच्या भिंतीला एक भगदाड होतं. एक मूल दप्तरासकट जाईल एवढं. ते मी नकाशावर दाखवलं नव्हतं, कारण नियमात गेट आहे, भगदाड नाही. सरही तेच म्हणाले होते. पण निरीक्षकांनी ते पाहिलं आणि विचारलं, "इथून कुणी जातं का?"

सर म्हणाले, "भिंत जुनी आहे."

आणि मग मी ते वाक्य बोललो. साहेबांनी भगदाडापर्यंत टेप धरायला लावली. एकसष्ट मीटर. ते पंचनाम्यात गेलं.

परत येताना सरांनी सिग्नलला स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"साहेबांनी, सर."

"साहेबांनी मला विचारलं होतं. मी उत्तरही दिलं होतं. भिंत जुनी आहे. शंभर टक्के खरं आणि शून्य उपयोगाचं. असं बोलायला शिका जरा."

"पण खोटं कसं सांगायचं, सर?"

"खोटं सांगा असं मी म्हटलं? गप्प बसा एवढंच सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे."

सर चिडले की मला अहो-जाहो करतात.

फाईल नामंजूर झाली नाही. भगदाडाबद्दल खुलासा करावा, असा शेरा घेऊन परत आली. सर म्हणाले, "खुलासा दिला की त्याच्यावर आणखी एक खुलासा मागतात. त्यापेक्षा भिंत बांधून घ्या."

मी वानखेडे काकांकडे जाऊन सगळं सांगितलं, माझी चूकही. मला वाटलं, हाकलतील. ते म्हणाले, "तू खरंच बोलला ना, बाबू? मंग रडतो काहून? चाल, शाळेत जाऊ."

मुख्याध्यापिका शिंदे मॅडमना काका म्हणाले, "विटा माह्या, गवंडी माहा. भिंत मी बांधून देतो."

"सरकारी भिंत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एक वीट लावलीत तरी नोटीस मला येईल." मग त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढली. त्या भिंतीसाठी केलेले सगळे अर्ज त्यात होते. सुट्टीच्या दिवशी बाहेरची माणसं आत येऊन पत्ते खेळत, म्हणून त्या मागे लागल्या होत्या. "एक स्पष्ट सांगते, वानखेडे. तुमच्या दुकानाला माझा विरोध आहे. भिंतीला नाही. या सगळ्याच्या झेरॉक्स घ्या आणि पाठपुरावा करा. तुमच्याकडे वेळ दिसतोय."

पाठपुरावा मी केला. दर सोमवारी कॉलेज सुटलं की बांधकाम खात्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं. आई म्हणायची, "शिकायला पाठवलं आणि पोरगं दारूच्या दुकानासाठी भिंती बांधतंय." मी तिला म्हणायचो, भिंत शाळेची आहे. दोन्ही खरं होतं.

भिंत झाली. गवंड्यांना काकांनी रोज चहा पाजला. निरीक्षक पुन्हा आले, एकशे अठरा मीटर लिहून गेले. फाईल पुढे सरकली. सर मला पुन्हा अरे-तुरे करू लागले.

आमच्यापैकी कुणीच एका गोष्टीचा विचार केला नव्हता. भगदाडातून येणारी मुलं पलीकडच्या वस्तीतली होती. आता त्यांना मेन रोडने वळसा घालून यावं लागत होतं, आणि त्या वळणावर बस आणि डंपर एकदमच वळतात. महिनाभरात दुसरीतल्या एका मुलीला रिक्षाचा धक्का लागला. हात प्लास्टरमध्ये गेला. शिंदे मॅडमनी लगेच लिहिलं, नव्या भिंतीत, जिथे भगदाड होतं तिथेच, मुलांसाठी छोटं गेट करून द्या.

गेट गल्लीत उघडणार, म्हणून गल्लीतल्या दुकानदारांना पत्रं आली. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा.

"कळवू," सर मला म्हणाले. "हरकत आली की गेट दोन महिने लांबतं. तोवर लायसन्स हातात. नंतर शाळेने दहा गेटं काढली तरी दिलेल्या लायसन्सला काही होत नाही. आणि गेट आधी झालं, तर एकसष्ट मीटर. संपलं."

हरकतीचं पत्र मीच टाइप केलं. गल्ली अरुंद आहे, गेटसमोर गर्दी होईल, वाहतुकीला अडथळा येईल, वगैरे. सहीसाठी मीच घेऊन गेलो.

दुकानात पलीकडच्या वस्तीतल्या एक बाई पाव घेत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत, बोलत राहिल्या. "काका, भिंत तुमच्यामुळे झाली म्हणे."

"झाली."

"आमच्या पोरीला आता मीच सोडायला जाते. कामावर रोज अर्धा तास उशीर. मालकीण बोलते."

काकांनी पावाची पिशवी दिली. बाई गेल्या. काकांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे तू लिह्यलं, बाबू?"

"सरांनी सांगितलं. मी टाइप केलं."

"मराठी चांगली हाये तुही." त्यांनी पत्र तराजूखाली सरकवलं. "पान्नास पोट्टे हायेत पल्याडचे. सारे माह्याकडून गोळ्या घेतात. उधार." मग म्हणाले, "ठिव. पाहू."

मला काहीतरी बोलायचं होतं. सही करा म्हणावं, की करू नका म्हणावं, तेच ठरेना. त्यांच्या मुलीची फी मला माहीत होती आणि त्या वळणावर मी स्वतः उभा राहून आलो होतो. मी काहीच न बोलता निघालो. हे शहाणपण होतं की भित्रेपणा, ते मला अजून कळलेलं नाही.

मग माझी परीक्षा सुरू झाली आणि मी महिनाभर सुट्टीवर होतो. परत आलो तेव्हा सरांनी पेपरमधून मान वर न करता सांगितलं, "गेट मंजूर. तुझ्या वानखेड्यांनी हरकत दिलीच नाही. अर्ज मागे घेतला." पुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

या कामात मी एवढंच शिकलो, की नकाशावर भगदाडही दाखवायचं. कुणीतरी दाखवतंच, आणि तेव्हा फार धावाधाव होते. आता मी काढलेल्या नकाशांवर इतक्या बारीकसारीक गोष्टी असतात, की सर म्हणतात, "गल्लीतली मांजरं राहिली की रे."

वानखेडे काकांच्या गल्लीत मी त्यानंतर गेलो नाही. जायला तोंड नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. गल्लीच्या टोकाला एक टेलर होता. गेट मंजूर झालं त्याच आठवड्यात सर तिकडे गेले होते, टेलरला आणि काकांना समोरासमोर बसवून गाळे आपसांत बदलायचा करार करून दिला होता, आणि नवा अर्ज स्वतः भरला होता. मला यातलं काही सांगितलं नव्हतं. शिंदे मॅडमनी या अर्जालाही लेखी विरोध केला होता. निरीक्षकांनी तो वाचून फाईलला लावला आणि टेलरच्या गाळ्याच्या दारापासून नव्या गेटच्या मध्यापर्यंत मोजलं.

"त्र्याऐंशी भरलं, बाबू," काका म्हणाले. "लायसन आलं."