टाकीमागची दोरी

धुणेवालीला त्या इमारतीत राहायला येऊन इतकी वर्षं झाली, की कडेवर आणलेली पोरगी आता आईला उलट उत्तरं देऊ लागली होती. तरी सगळ्यांच्या तोंडी ती "नव्या वहिनी"च. परमुलखातून आलेल्या तिच्यानंतर तिथे नवं बिऱ्हाड आलंच नव्हतं, त्याला ती बिचारी काय करणार? आणि गच्चीचा नियम पक्का होता : सगळ्यात नव्या भाडेकरूला टाकीमागची दोरी.

टाकीमागे ऊन फिरकतही नसे. घरचेच कपडे असते तर वहिनींनी कसंबसं निभावलं असतं, पण त्यांचं पोट लोकांच्या चादरींवर होतं. चादरी दमट राहत, कुबट वास मारत. कोपऱ्यावरच्या लॉजवाल्याने तर तोंडावरच सांगितलं होतं, "पुन्हा वास आला तर काम बंद."

अशात शहरातल्या गरिबीचा अभ्यास करणारी एक संस्था आली. इमारतीत परमुलखातलं घर एकच, त्यामुळे संस्थेच्या ताई येत त्या वहिनींनाच धरत. "इथे आपलेपणा वाटतो का?" हा प्रश्न ठरलेला. वहिनी उत्तरं देण्यात तरबेज झाल्या. कुठे आवाज जड केला म्हणजे ताई लिहिणं थांबवून हात हातात घेतात, हेही त्यांना पाठ झालं. उठताना मात्र त्या न चुकता म्हणत, "ताई, तेवढं दोरीचं बघा."

"आम्ही मध्ये पडत नाही, वहिनी. लढायचं तुम्हीच. आम्ही पाठीशी आहोत."

पाठीशी म्हणजे चांगलंच लांब, हे वहिनींच्या हळूहळू लक्षात आलं.

एकदा ताईंनी गच्चीतच सभा भरवली. प्रत्येकाने रंगीत कागदावर आपलं मागणं लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. वहिनींनी लिहिलं, "ऊन".

ताईंचे डोळे भरून आले. "किती सुंदर! ऊन म्हणजे माया! ऊन म्हणजे स्वीकार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोऱ्या वाटून देणारे अध्यक्ष काका सगळ्यांत जोरात वाजवत होते.

"अहो, चादरी वाळवायला ऊन," वहिनी म्हणाल्या. पण तोवर सगळे फोटोसाठी उभे राहिले होते. वहिनींचं डोकं असं फिरलं, की घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं. तो गरीब तर सभेला गेलाही नव्हता.

आणि मग तळमजल्यावर तान्हं बाळ घेऊन एक बाई राहायला आली. वहिनींच्याच मुलखातली, त्यांचीच बोली बोलणारी. काकांनी लगेच वहिनींना कठड्याजवळची दोरी दिली. चादरी खडखडीत वाळू लागल्या. लॉजवाल्याने नाक न मुरडता गठ्ठा घेतला, वर आणखी काम दिलं. वहिनी हवेत होत्या. जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत, "आता मला नव्या वहिनी म्हणायचं नाही हं."

ताईंनाही नव्या बाईची खबर लागलीच. त्या गच्चीवर आल्या तेव्हा ती टाकीमागे बाळाची दुपटी चाचपत उभी होती. तिला इथली भाषा येईना, म्हणून ताईंनी वहिनींना मध्ये घेतलं. काका शेजारीच टाकीचं झाकण उघडून उगाच आत बघत होते.

"विचारा ना वहिनी, इथे आपलेपणा वाटतो का?"

वहिनींनी विचारलं. बाई आपल्या बोलीत घाईघाईने म्हणाली, "मावशी, दुपटी वाळतच नाहीत हो. ओल्यातच गुंडाळते बाळाला, सर्दी हटत नाही त्याची. तुमच्या दोरीवर जरा कोपरा द्याल का? नाहीतर या ताईंना तरी सांगा."

वहिनींनी कठड्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लॉजच्या चादरी उन्हात डुलत होत्या. त्यांना लाज वाटली, अगदी आतून वाटली.

"काय म्हणते?" ताईंनी पेन सरसावलं.

"खूप आपलेपणा वाटतो म्हणते," वहिनी म्हणाल्या. या वेळी आवाज मुद्दाम जड करावा लागला नाही. ताईंनी लिहिणं थांबवून त्यांचा हात हातात घेतला.