रॉकेटवर आहो, माय

मोहाडीच्या स्टँडवर एसटी सुरू झाली तरी माय खाली उभी राहून एकच सांगत होती, "खिडकीपाशी नोको बसजो बाप्पा. डोक्सं बाहेर जाते." आयटीआय करून मी वेल्डर झालो होतो, नोकरीवर पार केरळात चाललो होतो, आणि तिला चिंता माझ्या डोक्याची. मी हसत हसत खिडकीतच बसलो.

नामदेव, तू धाकटा, धानाच्या बांध्यांपाशी राहिलास. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, तुझ्यासाठी आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठी.

तिकडे समुद्र, जाड लाल भात आणि बोलायला मोडकंतोडकं हिंदी. मी रॉकेटच्या मोटरीचं पोलादी कवच वेल्ड करायचो. पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा मायनं विचारलं, "तू कायच्यावर हायेस?" शेजारचा श्रावण ट्रकवर होता, म्हणजे क्लीनर. मी त्याच चालीवर सांगून टाकलं, "रॉकेटवर आहो, माय." ती म्हणाली, "मंग त्याच्यातबी खिडकीपाशी नोको बसजो." आपण दोघं पोट धरून हसलो. माय गंमत करते आहे, असंच वाटलं आपल्याला.

त्या पावसाळ्यात रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. मोठमोठे साहेब डोळे पुसत होते. चूक सापडेपर्यंत आमच्या रजा बंद. जगातलं सगळ्यात मोठं दुःख आमच्याच वेल्डिंगच्या शेडमध्ये आहे, असं मला वाटत होतं.

इकडे बाजाराच्या दिवशी पानठेल्यावरचा रेडिओ बोलला, रॉकेट समुद्रात पडलं. माय कांद्याच्या ढिगापाशी मटकन खाली बसली. तू किती समजावलंस, "माय, त्याच्यात माणूस नाही रायत वो." तिचं एकच, "मंग चालवते कोन?" माझं पत्र वाचून दाखवलंस, तर म्हणाली, तू मनचं वाचून राहिला. तिनं जेवणच सोडलं.

रजा मिळून मी पोचलो तेव्हा तिनं खाट धरली होती. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, पार मुळापर्यंत, समुद्राचं पाणी चाचपत. "वल्ला त नाही," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. पण तिच्यात आता काही उरलं नव्हतं. धान कापणीला यायच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी, धान रोवण्याच्या दिवसांत, तसलंच रॉकेट नीट वर गेलं. उपग्रह फिरू लागला. आमच्या केंद्रात लाडू वाटले, मी माझा कागदात बांधून ठेवला. मग मोठे उपग्रह आले, द्रव इंधनाच्या इंजिनांच्या चाचण्या सुरू झाल्या, टीव्हीवर उपग्रहातून आपल्याकडचे ढग दिसू लागले. आणि ज्यात कुणीच बसत नाही, अशा यंत्रापायी माझी माय गेली.

घर आहे, तू आहेस, तुझी बायको मी येणार म्हणून भाकरी झाकून ठेवते. तरी एसटी मोहाडीकडे वळली की जीव कासावीस होतो. मी खिडकीपाशी बसतो आणि मुद्दाम डोकं बाहेर काढतो. स्टँड येतो. डोक्सं आत घे, असं कुणीच म्हणत नाही.